दारातून खरेदी

साखळी गावात पहिलं स्वतः सामान उचलायचं दुकान उघडलं, तेव्हा मी आईला मोठ्या मिजाशीत घेऊन गेलो. पण दुकानदाराने हातात दिल्याशिवाय वस्तू घेणं तिच्या लेखी चोरीच! परतीची लाटंबार्सेची बस सुटायला दहा मिनिटं, आणि ती दारातच उभी राहून खणखणीत आवाजात यादी वाचू लागली. मी पुढे होईपर्यंत एका गृहस्थाने निमूट सगळं आणून दिलं.

“ही डाळ जुनी दिसता. दुसरी हाड!”

त्याने तीही आणली, मग हात जोडले. “मावशी, मी पण गिरायकच मगो!”

आई जराही ओशाळली नाही. “जा रे,” तिने मला फर्मावलं, “तेचा सामान काढून दी.”

मी त्याचे टोमॅटो निवडत असताना काचेबाहेरून आमची बस गेली.