दार तोडू नका

पाथर्डीहून एका लग्नावरून आम्ही दोघं नगरला परत निघालो होतो. भर दुपार. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी. तिसगावच्या अलीकडे समोरून एक टेम्पो ओव्हरटेक करत आमच्या अंगावर आला. नवऱ्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि आमची गाडी रस्त्याकडेच्या कडुलिंबावर आदळली. आदळली ती माझ्या बाजूने, आणि धक्क्याने झाडापासून चार हात मागे फेकली जाऊन थांबली. टेम्पो थांबला नाही.

नवऱ्याच्या कपाळाला नुसतं खरचटलं होतं. माझ्या बाजूचं दार आत चेपून मांडीवर आलं होतं आणि डावा पाय कुठे आहे ते मला कळत नव्हतं. मी त्याला हाक मारली. “आलो,” म्हणाला आणि आपल्या बाजूने उतरला.

तो हायस्कुलात शिक्षक. अपघातानंतर काय करायचं, हे रस्ता सुरक्षा सप्ताहात मुलांना तोच सांगायचा. डोकं शांत ठेवा, हे त्याचं आवडतं वाक्य. त्याने डोकं शांत ठेवलं. मोबाईल काढून गाडीचे पुढून फोटो घेतले, मग मागून, मग रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या खुणांचे. माझ्या बाजूला आला तेव्हा वाटलं, आता हात देईल. फुटक्या काचेतून त्याने आतला फोटो घेतला. त्यात मीही आले असणार. मग विमा एजंटला फोन लावून तो सावलीत जाऊन उभा राहिला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली का, म्हणून मी विचारलं, तर त्याने हातानेच थांब अशी खूण केली.

मागून ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून बायामाणसं उतरली. एक जण पहार घेऊन माझ्या दाराशी आला.

“दार तोडू नका,” नवरा म्हणाला. “पंचनामा व्हायचाय. नाहीतर क्लेमला अडचण येईल.”

पहारवाला थबकला. शिकलेला माणूस सांगतोय, शिवाय नवरा. माझ्याकडे न बघता तो मागे सरला. तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईने त्याच्या हातातली पहार घेतली.

“बाई जित्ती हाय आत,” ती नवऱ्याला म्हणाली, “आन तुमी दाराचं काय घिऊन बसला?”

ती आणि आणखी दोघी दाराला भिडल्या. पहारीचा प्रत्येक हिसका माझ्या हाडापर्यंत येत होता. मी ओरडत होते. ओरडताना मान वळली, तर नवरा मोबाईल समोर धरून उभा. दार लोकांनी तोडलं, याला पुरावा हवा म्हणून तो शूटिंग करत होता.

एका जीपवाल्याने मला नगरच्या दवाखान्यात पोचवलं. माझं डोकं मांडीवर घेऊन तीच पहारवाली बाई सोबत आली. नवरा पोलीस येईपर्यंत गाडीपाशी थांबला.

भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करून जाई. माझे वडील म्हणाले, दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. मी आईला सगळं सांगितलं. तिने माझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, औषधाची गुंगी आहे, बोलू नको.

पाय फार वेळ दबून राहिला, त्यामुळे पाऊल पुन्हा उचलणार नाही, असं डॉक्टरांनी नवऱ्यासमोर सांगितलं. “लोकांनी दार वेडंवाकडं तोडलं ना,” तो म्हणाला, “त्याचा परिणाम.” डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

क्लेम पूर्ण मंजूर झाला आणि नवी गाडी आली. पुढे ऑपरेशनच्या वेळी पायात बसवलेली सळई काढायला मला पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. घरी न्यायला तो गाडी घेऊन आला. नर्स मला धरून गाडीपर्यंत घेऊन आली, तर तो पुढच्या सीटवर जुनी चादर अंथरत होता.

“बँडेज ओलं असेल,” तो म्हणाला. “सीटकव्हर नवीन आहे.”

नर्सने माझ्याकडे पाहिलं. चादरीची एक कड दुमडली होती. ती मी हाताने सरळ केली आणि बसले.