काकांचा एकशे आठ

वायर काढून ठेवलेल्या कॉम्प्युटरने मला उत्तर दिलं, तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठलो. पंधरा वर्षं कंपन्यांची नेटवर्कं सांभाळतोय, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तो डेस्कटॉप काकांचा होता, त्याचा नंबर काकांनी स्वतः निवडलेला होता, आणि काकांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. अंगावर सर्रकन काटा आला. मागे काकू उभ्या होत्या, म्हणून मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

ईडन प्रेरी या बर्फाळ अमेरिकन गावात मी आलो तो जानेवारीत, नागपूरहून आणलेलं एक पातळ जाकीट घालून. एका ओळखीतून काका-काकूंनी जेवायला बोलावलं आणि त्या हिवाळ्यात दर शनिवारी बोलावतच राहिले. काका रिटायर्ड डॉक्टर, पण कॉम्प्युटरचा नाद दांडगा. घरातलं राउटरचं खोकं प्रत्येक यंत्राला आपल्या मर्जीने नंबर वाटतं, आज हा तर उद्या तो. काकांना असला कारभार चालायचा नाही. त्यांनी आपल्या डेस्कटॉपला कायमचा एक नंबर देऊन टाकला, शेवटचा आकडा एकशे आठ. जपमाळेत मणी एकशे आठ, म्हणून हाही एकशे आठ. सुटकेसच्या कुलपाला एकशे आठ, गाडीच्या पाटीवर एकशे आठ. ‘काका, तुमच्याकडच्या चोराला एकच आकडा पाठ केला की झालं,’ असं मी चिडवायचो.

ते गेल्यावर डेस्कटॉप काकूंकडे आला. त्यांची मोठी बहीण कऱ्हाडला असते. तिला ऐकू जवळजवळ येत नाही, ओठ बघून समजतं, म्हणून फोन उपयोगाचा नाही, मोठा स्क्रीनच लागतो. रोज सकाळी आठला चहाचा कप घेऊन काकू तिच्यासमोर बसत. गेल्या दिवाळीनंतर ते बिघडलं. काही सकाळी इंटरनेट असायचं, बहुतेक सकाळी नसायचं. मग मला फोन. मी मीटिंगला धावता धावता ‘बंद करून परत चालू करा’ म्हणायचो. कधी जमायचं, कधी नाही. ‘मीच काहीतरी भलतं दाबत असेन रे,’ काकू म्हणायच्या. मला ते पटायचंही.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. एकुलता एक मुलगा दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कॅलिफोर्नियातून येणार होता. आईला विसरायला होतंय, आता एकटं ठेवणं बरं नाही, असं त्याने ठरवलं होतं. सीनियर लिव्हिंगमधली एक खोली बघून ठेवली होती. रविवारी काकूंनी कागदांवर सही करायची आणि मग घर विकायला काढायचं. आज पाऊस आहे म्हणून सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. ‘त्याच्या आधी ताईशी एकदा नीट बोलायचंय. तेवढं चालू करून देशील का?’ मी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली.

टेबलावर एक वही होती. पहिल्या पानावर काकूंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पट्टीचं लाल बटण दाबणे. कॉम्प्युटरचं बटण दाबणे. दोन मिनिटं थांबणे. झोपताना कॉम्प्युटर, मग पट्टी बंद करणे. इथे भिंतीतल्या प्लगला बटण नसतं आणि आपल्या जुन्या माणसांना प्लगचं बटण बंद केल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून काकांनी बटणवाली पट्टी, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, मुद्दाम आणली होती. पुढच्या पानांवर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘चालला’ किंवा ‘नाही’. सहा महिन्यांत एक दिवस सुटलेला नव्हता. काही ठिकाणी ‘चालला’च्या शेजारी ‘बाळाचा फोन’, म्हणजे मुलाचा, असंही होतं.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘गंमतच आहे बघ. ज्या दिवशी हा चालतो ना, त्या दिवशी सकाळीच त्याचा फोन येतो. बरी आहेस ना, म्हणून. शुभ दिवस असतो तो.’

मी हसलो आणि कामाला लागलो. डेस्कटॉपवर एकशे आठ नव्हताच, भलताच नंबर दिसत होता. म्हणजे त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी अडवली होती आणि हा बिचारा बाजूला झाला होता. एका नंबरवर दोघं बसू शकत नाहीत. सकाळी जो आधी जागा होईल त्याला तो मिळतो. खात्री करायला मी डेस्कटॉपची वायर काढली आणि माझ्या लॅपटॉपवरून एकशे आठला विचारलं, आहेस का? उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. तेव्हाच मी ताडकन उठलो होतो.

पाणी पिऊन डोकं जाग्यावर आलं. मी टीव्ही बंद केला, प्रिंटर बंद केला, काकूंचा फोन बंद करून परत चालू केला. एकशे आठ बोलतच होता. मग खाली वाकलो, तर पट्टीत आणखी एक वायर दिसली. ती मॉनिटरशेजारच्या फोटो फ्रेमकडे जात होती. आपोआप फोटो बदलणारी ती डिजिटल फ्रेम मुलाने दिवाळीला आणून स्वतः लावून दिली होती. मी पिन उपसली आणि उत्तरं थांबली.

‘फ्रेममुळे?’ काकूंचा विश्वास बसेना.

माझाही बसेना. फोटो दाखवणाऱ्या खोक्याला कायमचा नंबर कशाला लागतो? मी ती खिडकीशी नेऊन उलटीसुलटी केली. खालच्या काळ्या कडेत मोहरीएवढं काहीतरी चमकलं. कॅमेरा होता तो. मी सुन्न झालो. मॉनिटरशेजारून काकूंची खुर्ची दिसायची, मागचं देवघर दिसायचं, स्वयंपाकघराचं दार दिसायचं. हे त्यांना कसं सांगावं ते सुचत नव्हतं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

‘आई, यू ओके? काही झालंय का?’

काकूंनी फोनकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फ्रेमकडे पाहिलं, मग वहीकडे. मला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. कॉम्प्युटर आधी जागा झाला की फ्रेम बंद, फ्रेम बंद झाली की त्याला आई दिसत नाही, आणि आई दिसली नाही की फोन. त्या हळूच खुर्चीत बसल्या.

‘तू मला बघत होतास?’

तो म्हणाला, ‘आय वॉज स्केअर्ड, आई. पडलीबिडलीस तर कोणाला कळणार? सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’

माझा पारा चढला. वास्तविक हे माझं घर नाही, मी मध्ये पडायला नको होतं. ‘अरे, त्या फ्रेमला काकांच्या कॉम्प्युटरचा नंबर दिलास तू! एकशे आठ! तुझ्या कॅमेऱ्यानेच तो बंद पाडला. आणि वर तूच म्हणतोस आई विसरते? सहा महिने त्या स्वतःच्या डोक्यावर शंका घेतायत. लाज नाही वाटत?’

‘एकशे आठ?’ त्याचा आवाज पडला. ‘मी विचारच नाही केला. इथून बघायला कायमचा नंबर मागितला, तर हात आपोआप त्यावर गेला.’

हे मात्र खरं असणार. त्या घरात वाढलेल्या पोराचा हात दुसरीकडे कुठे जाईल? पण माझं तोंड सुटलं होतं. आईला वेड्यात काढलंस, घरातून उठवायला निघालास, असं बरंच काही मी बोललो.

‘वेट,’ तो म्हणाला. ‘मार्चमध्ये मी तुलाच कॉल केला होता. तू रोज त्यांच्याशी बोलतोस, तुला काय वाटतं, विचारलं होतं. तूच म्हणालास, काकूंचं वय झालंय, आता त्या विसरतात. त्यानंतर मी डिसाइड केलं.’

मी ते साफ विसरलो होतो. तो बोलला आणि आठवलं. ऑफिसचं पार्किंग, त्या आठवड्यातला काकूंचा चौथा फोन नुकताच झालेला, मला उशीर होत होता, आणि मुलाचा फोन लवकर संपावा म्हणून ते एक वाक्य मी फेकलं होतं. एकदाही येऊन बघितलं नव्हतं. दहा मिनिटांचा रस्ता. जमीन दुभंगावी असं वाटलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘उद्या ये,’ त्या फोनमध्ये म्हणाल्या. ‘पण जेवायला ये. कागद आणू नकोस.’ आणि फोन ठेवला.

मी खाली मान घालून वायर परत लावली, डेस्कटॉप चालू केला. एकशे आठ त्याला मिळाला. थोड्याच वेळात कऱ्हाडच्या ताई स्क्रीनवर आल्या, आणि काकू एकेक शब्द सावकाश उच्चारत त्यांच्याशी अर्धा तास बोलल्या. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं.

बोलणं संपल्यावर मी म्हणालो, ‘काकू, मी...’

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात कप होता.

‘साखर दीड चमचा. आलं नाही, दूध जास्त. पहिल्या जानेवारीत सांगितलं होतंस. बरोबर आहे ना?’

मी एक घोट घेतला. ‘बरोबर आहे.’

‘मग त्याला फोन करून आता हे सांग,’ काकू म्हणाल्या, आणि माझा फोन टेबलावरून उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.