लेखकराव आणि आमच्या रोटीवरची खूण

आमचा इद्रिस कादंबऱ्या लिहितो. म्हणजे मोरोक्कोतल्या फेस शहराच्या या गल्लीत बाकीचे लोक कामं करतात, आणि हा लिहितो. लहानपणापासून पुस्तकात नाक खुपसलेलं. जेवताना पुस्तक, हमामात पुस्तक. बाबांना पुरायला नेलं त्या दिवशीही खिशात एक होतंच, मी पाहिलं ना! लग्न केलं नाही. याला कोण देणार मुलगी? मी थोरली झोहर, विधवा. धाकटी बतूल, नवऱ्यानं टाकलेली. आम्ही दोघींनी रांधायचं आणि या महाशयांनी माडीवर बसून माणसाच्या मनाचा ठाव घ्यायचा.

शुक्रवारी कुसकुस खाऊन झालं की आठवडाभराचं लिखाण वाचून दाखवायचा. मला डुलकी लागायची. बतूल मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायची. त्याची पुस्तकं वाचणारी घरात ती एकटीच.

"झोहर, खोटं पचायला त्यात एक खरी वस्तू लागते," तो मला शिकवायचा. "अगदी क्षुल्लक. ती असली की वाचक बाकीचं मुकाट्यानं गिळतो."

मोठा आला गिळवणारा!

गेल्या हिवाळ्यात बतूलचं नशीब उघडलं. चपला शिवणाऱ्या तुहामीनं मागणी घातली. अंगठी आली, साखरेचे सुळके आले, खजूर आले, मेंदी आली. चाळिशीला टेकलेली माझी बहीण जिन्यातून गुणगुणत उतरायला लागली. आणि नेमकी तेव्हाच यांची नवी कादंबरी छापून आली. ही त्यानं आम्हाला वाचून दाखवली नव्हती.

तिच्यात एक टाकलेली बाई. भट्टीवर काम करणाऱ्या यारासाठी कणकेत चिठ्ठ्या दडवून पाठवते. बतूलनं आयुष्यात असलं काही केलेलं नाही, सगळी याच्या डोक्यातली घाण. बाईचं नाव बदललं, गल्ली बदलली, डोळे हिरवे केले. पण रोटी? इथे सगळ्या घरांच्या रोट्या एकाच भट्टीत भाजतात, म्हणून जो तो आपली खूण करून पाठवतो. आमची खूण म्हणजे नखाची कोर आणि खाली काट्याची तीन भोकं. आईनं घातलेली पद्धत. गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं. आमच्या शहाण्यानं ती जशीच्या तशी पुस्तकात घातली.

आठवडा गेला नाही तोच तुहामीची आई, लल्ला तामू, दारात. काखेत पुस्तक. बतूलनं तिला बसवलं, चहा ओतायला घेतला. पेल्याला हातही न लावता बाई म्हणाली, "अंगठी दे, मुली."

इद्रिस माडीवरून धडपडत खाली आला. "लल्ला, अहो, हे सगळं मी रचलंय! अशी चिठ्ठी कधी कोणी पाठवली नाही."

"खूणही रचलीस का रे?"

"खूण... खूण खरी आहे."

"मग झालं तर," असं म्हणून ती अंगठी घेऊन गेली. तुहामी तर तोंड दाखवायलाही आला नाही, तो आईचा बैल.

मी इद्रिसची गचांडी धरली. "मेल्या, एक भोक कमी केलं असतंस तर हात झडला असता का तुझा?"

"मग ती रोटी खोटी वाटली असती, झोहर."

हे त्यानं तोंड वर करून सांगितलं मला! त्या क्षणी मला त्याची जेवढी किळस आली तेवढी उघड्या गटाराचीही येत नाही.

दुपार टळल्यावर तो बतूलच्या शेजारी येऊन बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. रडणं खरं होतं, तेवढं मी कबूल करते. मला वाटलं, आता पाय धरतो हा तिचे.

"बतूल," तो म्हणाला, "तिनं अंगठी मागितली ना, तेव्हा तुझे हात नेमकं काय करत होते गं?"

मी चप्पल उचलली. बतूलनं मला थांबवलं.

"चहा ओतत होते," ती म्हणाली. "पेला भरला, तरी ओतत राहिले."

त्यानं डोळे पुसले, खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं.