सिद्राम काय वाचायचा

सिद्राम गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी रिक्षातून त्याच्याकडेच निघालो होतो. "काका, आता सावकाश या," एवढंच ती म्हणाली... त्याला महिना होऊन गेला. अजूनही त्याच्याबद्दल लिहायला बसलं की थकून जायला होतं.

आम्ही एकाच शाळेत विज्ञान शिकवलं. पण सिद्रामचं खरं वाचन सुरू झालं ते त्याची बायको, सुनंदावहिनी, गेल्यावर. त्यांच्या आजारपणात मोबाइलवर आलेल्या एका काढ्यावर विसंबून घरानं गोळ्या थांबवल्या होत्या. वहिनी सावरल्याच नाहीत. "सांगणाऱ्यानं सांगितलं. पण मला ते खरं का वाटलं? मी तर विज्ञान शिकवतो," सिद्राम म्हणायचा. या प्रश्नापायी तो इंटरनेटवर विवेकानं विचार करायला शिकवणारे ब्लॉग शोधू लागला. ते शोधणंही दमवणारंच होतं. बरेच जण नुसतं श्रद्धाळूंवर तोंडसुख घ्यायचे. "ह्याला आपण शहाणे आहोत एवढंच सांगायचंय," म्हणून सिद्राम ते बंद करायचा. शेवटी दोन-चारच उरले. त्यातला एक संख्याशास्त्राचा प्राध्यापक त्याचा विशेष आवडता. "हा जुना लेख खोडत नाही, वर आपली चूक लिहून ठेवतो. असा माणूस वाचावा." मग संध्याकाळी मला फोन यायचा, "वाचलंस का? कुठं पटलं नाही ते सांग."

मग त्याच्याच पोटात गाठ निघाली. अक्कलकोटाकडून त्याची थोरली बहीण, नीलाक्का, अंगारा घेऊन आली. हा आता तिला समजावत बसणार, असं मला वाटलं. त्यानं मुकाट्यानं कपाळ पुढं केलं. ती आत गेल्यावर म्हणाला, "गोळ्या चालू आहेत की. तिलाही काहीतरी करायचं होतं..."

मागच्या आठवड्यात त्याच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर गेलो. नीलाक्का त्याच्या संगणकासमोर बसल्या होत्या. "ह्यो दिसभर हितं काय वाचायचा, मला सांगा की." मी त्या प्राध्यापकाचा एक इंग्रजी लेख उघडला आणि मराठी करत वाचू लागलो. दुखणं पुष्कळदा आपोआप ओसरतं, आणि त्याआधी शेवटी जे केलं त्याला आपण श्रेय देतो, असं त्यात होतं.

अक्कांनी मला थांबवलं. "मंग अंगारा लावल्यावर त्येला दोन रात्री झोप लागली, ती कशानं?"

सिद्राम असता तर तासभर बोलला असता. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. "मला माहीत नाही, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "मी इचारलं तवा त्यो बी आसंच म्हणाला व्हता मला. वाचा पुढचं."