निरीक्षकाने बोलायचं नसतं

डिझाइन करणारे इंजिनिअर अडले की माहिती कुठे शोधतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. पद्धत सोपी. त्यांच्या शेजारी बसायचं, त्यांनी काय उघडलं, कुणाला विचारलं ते टिपायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. कोल्हापुरात यातलं शेवटचं महाकठीण. पाहुणा गप्प बसला की लोकांना वाटतं, काहीतरी बिनसलंय.

एमआयडीसीतल्या पंपाच्या कारखान्यात मी जिच्या शेजारी बसायचे ती गडहिंग्लजची तरुण मुलगी. अडली की खुर्ची गर्रकन वळवायची आणि शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर सहकाऱ्याला मोठ्यानं विचारायची, "काका, ह्याला किती धरायचं?" काका सांगायचे. काम पुढं सरकायचं.

त्या दिवशी काका हुपरीला लग्नाला गेलेले, फोन उचलत नव्हते. आणि तिला पहिल्यांदाच स्वतंत्र काम मिळालेलं, तेही पोलादाचं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साचा थोडा मोठा करतात. बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, प्रमाण तिला पाठ होतं, पोलादाचं नाही. चारपर्यंत ड्रॉइंग द्यायचं होतं. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा. शेवटी खुर्ची माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुम्ही फौंड्रीत होता न्हवं? सांगा की."

मी फौंड्रीत कैक वर्षं काढली होती. उत्तर अगदी ओठांवर होतं.

"मला सांगता येणार नाही गं. अभ्यासाचा नियम आहे," मी म्हणाले आणि 'निरीक्षकाला विचारले' असं टिपूनही घेतलं. वर स्वतःच्या शिस्तीचं कौतुकही वाटलं. ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चार वाजून गेले. साहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. "जमत नव्हतं तर आधी सांगायचं की!" सगळ्यांसमोर म्हणाले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आकडा सांगितला, माफी मागितली. "असू दे की मॅडम," म्हणाली. काका परत आले होते. पण खुर्ची वळेना. अडली की ती मुकाट्यानं पुस्तक उघडायची आणि काका चष्म्यावरून नुसते बघत राहायचे.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती जवळ आली. चेहरा खुललेला.

"मॅडम, आज कुणालाच काय इचारलं न्हाई बघा."