डाव्या बाजूची गर्दी

"मशीन मधेच बंद पडलं होतं का?" तपासणीच्या खोलीतून बाहेर येताच मी विचारलं.

एका पांढऱ्या गोल भांड्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. व्हिज्युअल फील्ड टेस्ट म्हणतात तिला. समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं, ते मोजायचं. मी इमानदारीत बटण दाबत होतो. मधे बराच वेळ काही चमकलंच नाही. वाटलं, दौंडची लाइट गेली.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "मशीन चालूच होतं, काका. उजेड येत होते. तुम्हाला दिसले नाहीत."

ग्लॉकोमा. आपल्याकडं काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस, ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं वाचता येतं, म्हणून माणूस निवांत असतो. कडा मात्र जात राहतात. माझ्या डावीकडची बरीच गेली होती. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब, जन्मभर.

"आन् गाडी?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"गाडी थांबवा," डॉक्टर म्हणाल्या.

अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी जागच्या जागी होती. मला काहीच वाटलं नाही. मी छताच्या पंख्याकडं बघत होतो आणि त्याच्या पात्यांवर केवढी धूळ बसलीय, एवढंच डोक्यात होतं.

आता थोडं मागचं. दौंडच्या बाजारपेठेत माझं बी-बियाण्यांचं दुकान. वर्षभर माझी एकच तक्रार होती की, या गावात माणसं डावीकडून अचानक उगवतात. हातगाड्या, रिक्षा, शाळेची पोरं. कशाही लावलेल्या गाड्या तर विचारू नका. गिऱ्हाइकं कांद्याचं बी घ्यायला यायची आणि पार्किंगवरचं भाषण ऐकून जायची.

एका बाजाराच्या दिवशी माझ्या मोटारसायकलचं चाक भाजीवाल्या मावशींच्या पाटीत घुसलं. टोमॅटो रस्ताभर झाले, त्यांचं पाऊल सोललं. वर मीच ओरडलो, "रस्त्यात काय बसता?"

"रोज हितंच बसतीया मी. तुमी काय डोळं घरी ठिऊन आलाय व्हय, मामा?"

लोक हसले. लोकांची मुजोरी किती वाढलीय याचं उदाहरण म्हणून मी ते घरी येऊन सांगितलं. पुढं चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटला म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं डोळ्याचा दाब तपासून घ्यायला पाठवलं, म्हणून हे कळलं. नाहीतर पुढची पाटी कुणाची असती, की पाटीच्या जागी पोर असतं, देव जाणे.

तर, दवाखान्याबाहेर गाडी उभी होती. हाताला सवय, मी किल्ली लावली.

"बस."

"न्हाई बसायची."

"अगं, घरापर्यंत तर. हळू नेतो."

"हळू न्या न्हाईतर जोरात न्या. तिकडनं कोण आलं ते दिसणार हाय का तुमाला?"

मी डावीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. तसं तिला सांगणार होतो. मग मान आणखी वळवली, तेव्हा रिक्षा दिसली. अगदी जवळ. ती आली नव्हती, तिथंच उभी होती.

मी गाडी बंद केली आणि ढकलत निघालो. सगळ्या बाजारातून.

"पेट्रोल संपलं का, आप्पा?"

"व्हय."

"पंक्चर काय?"

"व्हय."

"इका की आता तिला!"

"इकतो."

सुनंदा माझ्या डाव्या बाजूनं चालत होती. मला रडू आलं नाही. घाम तेवढा आला.

गाडी मांडवगण फराटा गावात राहणाऱ्या माझ्या पुतण्याला दिली. आता गावाला जायला एसटी, दुकानाला पाय. सुरुवातीला थेंब डोळ्यात कमी आणि मिशीत जास्त जायचा. आता जमतं. दवाखान्याच्या बाकावर तास तास बसतो, शेजारच्याला विचारतो, "घरात कुणाला काचबिंदू?" माझ्या वडिलांना होता म्हणे. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. तुमच्या घरात कुणाला असेल, तर चष्म्याच्या नंबरावर थांबू नका. दाब आणि नस दोन्ही बघून घ्या. आणि डावीकडून फार लोक उगवायला लागले, तर आधी लोकांना शिव्या देऊ नका.

परवाची तपासणी बघून डॉक्टर म्हणाल्या, "आहे तेवढंच आहे." या आजारात ही आनंदाची बातमी. पेढे नेले. त्या म्हणाल्या, थेंब चुकवू नका, पेढे चुकले तरी चालतील.

स्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना मी मान पार खांद्यापर्यंत फिरवतो, मग दुसरीकडं, मग परत. चहावाला हसतो.

"कुणाला हुडकताय, आप्पा?"

"गाडीला."

"कुठल्या?"

"यील तिला."

मग कुणीतरी ब्रेक मारतं. त्याचा चेहरा मला बहुतेक वेळा दिसत नाही. त्या दिशेला हात वर करतो आणि पलीकडं जातो.