सहा संगणकांची मेमरी

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना मुलं 'हात-लावू-नका सर' म्हणायची. संगणकाच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य तेच कानावर पडायचं. माणूस मात्र कामाला वाघ. तेवीस जुने संगणक त्यांनी एकट्याच्या जोरावर चालते ठेवले होते.

हात लावायची मुभा होती ती फक्त खोली झाडणाऱ्या मावशींना. सरांनीच त्यांना शिकवलं होतं: मागचे दोन स्क्रू काढायचे, झाकण सरकवायचं, ब्लोअरने धूळ उडवायची. मावशी पंख्याची पातीसुद्धा मऊ ब्रशने एकेक करून पुसायच्या. "या खोलीची डॉक्टरीण मीच," असं आम्हा शिक्षकांना ऐटीत सांगायच्या.

त्या वर्षी संस्थेने विचारलं, विंडोजच ठेवायचं की लिनक्सवर जायचं? दोन्हींची तुलना करून अहवाल द्या. सरांनी सुरुवात मोजणीपासून केली. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक संगणकाला विचारणार, तुझ्याकडे मेमरी किती? सतरा संगणकांनी आठ जीबीच्या आसपास आकडा सांगितला. सहांनी सांगितलं, सव्वातीन.

सरांचा चेहरा उतरला. आठ-आठ जीबीच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. आठची काढून कुणीतरी चारची बसवली, त्या चारातली थोडी स्क्रीनच्या कामात जाते, असा हिशेब त्यांनी मनाशी जुळवला. आणि झाकणं उघडणारं माणूस शाळेत एकच होतं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंनी मावशींना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. आम्ही दहाबारा जण तिथेच डबे उघडून बसलो होतो. मी भूगोल शिकवते. माझी खुर्ची दाराजवळच असते.

"पिशवी दाखवा," बाई म्हणाल्या.

मावशींनी पिशवी टेबलावर पालथी केली. चष्म्याचं घर, एक स्वेटर, घराची किल्ली. एक चंदेरी पट्टी चमकली. सरांनी झडप घालून ती उचलली, उलटसुलट करून पाहिली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

कुणीतरी हसलं. मी नव्हते हसले, पण गप्प मीही बसले होते.

"सर, एकदा खोलून बघा ना," मावशी म्हणाल्या. "मी धुळीखेरीज काही काढलं नाही."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही मावशी. मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. न येणं हाच पुरावा, असं सगळे धरून चालले.

आठवड्याभराने सर तुलनेच्या कामाला लागले. सव्वातीनवाल्या संगणकांपैकी एकाला त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरून लिनक्स सुरू केलं. कमी मेमरीत ते कसं चालतं, हे पाहायचं होतं. मेमरीचा आकडा आला: जवळजवळ आठ.

त्यांनी संगणक बंद केला आणि झाकण काढलं. आठ जीबीची पट्टी जागच्या जागी होती. आत धुळीचा कण नव्हता.

मग त्यांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी जुना स्कॅनर चालावा म्हणून याच सहा संगणकांवर त्यांनी बत्तीस-बिटचं विंडोज टाकलं होतं. ते चार जीबीच्या आतलीच मेमरी वापरू शकतं. वर कितीही बसवा. मेमरी होती किती, हे त्यांच्या प्रोग्रॅमने विचारलंच नव्हतं. वापरता येते किती, एवढंच विचारलं होतं. संगणक खरंच बोलला होता. प्रश्न चुकला होता, आणि प्रश्न सरांचा होता.

ते मावशींच्या घरी गेले. दार उघडून मावशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मावशी, माझं चुकलं. मेमरी जागेवरच आहे."

"मला माहीत होतं ते."

"माफ करा मला."

मावशी म्हणाल्या, "पिशवी सगळ्यांसमोर ओतायला लावलीत सर. माफी मात्र दारात, हळू आवाजात?"

दुसऱ्या दिवशी सरांनी विनवून मावशींना शाळेत आणलं. मधल्या सुट्टीत, त्याच टेबलापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. बत्तीस-बिट कुणाला कळलं, कुणाला नाही. "झाकण उघडायला मला दोन मिनिटं लागली असती," हे मात्र सगळ्यांना कळलं. बोलताना त्यांची मान वर होत नव्हती. आमचीही कुठे होत होती?

"बरं," मावशी म्हणाल्या. बाईंनी कामावर परत यायची विनंती केली, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दवाखान्यात काम मिळालंय मला. तिथं अजून कुणी माझ्याकडे तसं पाहिलेलं नाही."

त्या निघाल्या. मी दाराजवळच होते. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून उठलेही. "मावशी, येत जा अधूनमधून," एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वेटरची बटणं लावली आणि जिना उतरून गेल्या.